एकेका गाण्याचा पाहुणा

‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेतली दुसरी रचना, ‘फ्रेडी फ्रीलोडर’, सुरू होते तेव्हा आपले कान साहजिकच पुढे उभ्या असलेल्या तीन सुषिर वाद्यांकडे धावतात. माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट, जॉन कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्लीचा अल्टो सॅक्सोफोन मिळून दोन सुरांचा एक सुस्तावलेला उद्गार काढतात आणि थांबतात; पुन्हा तोच उद्गार, पुन्हा तीच विश्रांती. हेच पहिले पाऊण मिनिट आपण आणखी एकदा ऐकू, पण या खेपेला ते उद्गार कानाआड करून, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागांवर लक्ष ठेवून. तिथे कोणीतरी आहे. पियानोवरून एक चिमुकली लकेर येते, मोकळी जागा भरेल न भरेल एवढीच, आणि पुढचा उद्गार उमटण्याच्या आत अदबीने बाजूला सरकते. दर वेळी लकेर निराळी, सरकण्याची वेळ मात्र अचूक. वडीलधाऱ्यांच्या संथ बोलण्यात घरातल्या लाडक्या पोराने मिस्किल शब्द टाकत राहावा आणि वडीलधाऱ्यांनी न रागावता, किंबहुना त्या शब्दाची वाट बघतच, पुढे बोलत राहावे, तसा हा सारा संवाद आहे.

ते लाडके पोर म्हणजे पियानोवादक विंटन केली. ‘काइंड ऑफ ब्लू’ हे नाव जॅझ न ऐकणाऱ्यांच्याही कानांवरून गेलेले असते, आणि त्या नावाबरोबर पियानोसाठी आठवतो तो बिल इव्हान्स, कारण पाचपैकी चार रचनांत पियानो त्याचाच आहे. विंटनच्या वाट्याला आली ती ही एकच. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरील कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत, एका जुन्या चर्चच्या उंच छताच्या वास्तूत, हे ध्वनिमुद्रण झाले. माइल्सच्या बँडमध्ये तेव्हा नेमणुकीचा पियानोवादक विंटनच होता. इव्हान्स काही महिन्यांपूर्वी बँड सोडून गेला होता. ड्रमवादक जिमी कॉब सांगत असे की विंटन ब्रुकलिनहून टॅक्सी करून स्टुडिओत पोहोचला आणि पाहतो तर काय, पियानोच्या बाकावर इव्हान्स बसलेला! आपली नोकरी गेली की काय, असा चेहरा झालेल्या विंटनला समजवावे लागले, की तुझेही काम आहे, आणि आज पहिले तुझेच आहे. मग तो बसला, ही एक रचना वाजवली, उठला, आणि बाक इव्हान्सला मोकळा करून दिला. दुखावल्या मनाने वाजवलेले हे वादन असे सांगितले तर आपला विश्वास बसणार नाही, इतके ते प्रसन्न आहे.

त्या प्रसन्नतेची घडण न्याहाळण्याजोगी आहे. रचना ब्लूजची आहे: चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन. एरवीच्या ब्लूजमध्ये आवर्तनाच्या अखेरीस मन षड्जावर परत येते आणि निःश्वास टाकते. माइल्सने इथे एक गंमत केली. शेवटचे दोन खंड त्याने कोमल निषादाच्या कॉर्डवर तसेच लटकते ठेवले. घराच्या उंबऱ्याशी येऊन पाऊल अडावे आणि आत न शिरताच फेरी पुन्हा सुरू व्हावी, अशी योजना. दुसऱ्या एखाद्या वादकाने ही अडलेली जागा विशेष म्हणून अधोरेखित केली असती, ‘बघा, इथे काहीतरी नवीन आहे’ असे सुचवत तिथे रेंगाळला असता. विंटन त्या जागेवरून असा जातो की जणू ब्लूज जन्मापासून असाच होता. माइल्सच्या त्या काळातल्या साऱ्या नव्या विचारांवर पाने भरभरून लिहिले गेले आहे. पण नव्या विचाराला इतक्या सहजपणे अंगवळणी पाडणारा हात कोणाचा होता, याकडे मात्र क्वचितच कोणी वळून पाहिले.

पहिला सोलो विंटनचाच आहे, चार आवर्तनांचा. उजव्या हाताची एकेरी सुरांची ओळ, तिच्याखाली डाव्या हाताचे विरळ, मोजके कॉर्ड. आपण एकेका वाक्याच्या शेवटाकडे लक्ष देऊ. विंटनचे सांगीतिक वाक्य संपते तेव्हा ते खरोखर संपते. शेवटचा सूर नेटका तुटतो, त्याचा काठ स्वच्छ असतो, आणि नंतर येणारी शांतता त्या वाक्याचाच भाग वाटते. वाक्याच्या पोटात मात्र सारी हालचाल आहे. जॅझच्या चालीत एका मात्रेचे दोन भाग सारखे नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड असतो. हे सगळेच वादक करतात, पण विंटनच्या हाती त्या लांब-आखूडातला फरक असा काही तोलला जातो की सूर चालता चालता किंचित उसळतात, आणि ती उसळी कधीच उड्या मारण्यापर्यंत जात नाही. पॉल चेंबर्सचा डबल बास खालून निश्चयाने पावले टाकतो आहे, कॉबची झांज एकसारखी लखलखते आहे, आणि या दोघांच्या मधोमध विंटनची ओळ कधी ठोक्याला खेटून, कधी त्याच्या कणभर मागे रेलून चालते. रेलते, पण मागे पडत नाही. या एका गुणासाठी मी त्याला त्याच्या काळातल्या पुष्कळ नामवंतांच्या वर बसवीन.

आणि मग त्याचे कण. पियानो हे हट्टी वाद्य; त्यावर मींड घेता येत नाही, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत दडलेला सूर काढता येत नाही. ब्लूजचा जीव तर नेमका त्या फटीतच असतो, कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या कोठल्याशा ठिकाणी, जिथे गायकाचा गळा सहज जातो आणि पियानोवादकाचे बोट पोहोचत नाही. म्हणून ब्लूज वाजवणाऱ्यांनी युक्ती काढली: कोमल गंधाराला निसटता स्पर्श करून त्याच क्षणी शुद्ध गंधारावर घसरायचे. आपल्या कानांना हा कणस्वर लगेच ओळखू येतो. युक्ती सगळ्यांचीच, पण अनेकांच्या हाती ती चटपटीत मसाला होऊन बसते; ऐकणाऱ्याला ‘ब्लूज, ब्लूज’ असे बजावत राहते. विंटनचा कण लहान असतो, कोरडा असतो, जवळजवळ कुजबुजल्यासारखा. तो सुराला नटवत नाही, त्याला किंचित ओलावा देतो. ‘फ्रेडी फ्रीलोडर’मधला त्याचा सोलो आनंदी आहे असे सगळेच म्हणतात, आणि तो आहेच. पण त्या आनंदाच्या अस्तराला हे गंधार आहेत. ते काढून टाकले तर उरेल ती नुसती खुशाली.

चौथे आवर्तन सरते आणि माइल्स आत येतो. हा सांधा मुद्दाम पुन्हा ऐकण्यासारखा आहे. आपली वेळ संपता संपता शेवटचे वाक्य टाळीसाठी फुगवण्याचा मोह सोलो वाजवणाऱ्याला नेहमीच होत असतो. विंटन आवाज चढवत नाही, वेग वाढवत नाही. आसन कोणासाठी तरी मांडले आहे आणि ते आता तयार आहे, एवढेच जणू सुचवतो. माइल्सचा पहिला सूर त्या आसनावर येऊन बसतो आणि आपल्याला वाटते, रचना आता सुरू झाली. श्रेय माइल्सचे असे आपण समजतो. वास्तविक ती जागा आधी दीड मिनिट कोणीतरी झाडून-पुसून, दिवा लावून ठेवली होती. पुढची सात-आठ मिनिटे विंटन साथीला आहे. माइल्सच्या विरामांना तो फारसा धक्का लावत नाही; कोल्ट्रेनच्या सुरांचा लोंढा येतो तेव्हा त्याचे कॉर्ड आखूड होतात, काठावरून खुणा कराव्यात तसे पडतात; आणि कॅननबॉलच्या ऐसपैस गप्पांना तो स्वतःही गप्पांत येऊन उत्तर देतो. तीन स्वभावांची तीन माणसे, आणि तिघांनाही हा आपलाच माणूस वाटावा!

असा कान उपजत असला तरी तो घडवावाही लागतो. विंटनचा जन्म २ डिसेंबर १९३१चा. आईवडील जमैकाहून आलेले, बालपण ब्रुकलिनमध्ये. चौथ्या वर्षी पियानोवर हात, आणि पोरवयातच बँडमधून कमाई. हॅल सिंगरचे ‘कॉर्नब्रेड’ हे १९४८चे गाजलेले नृत्यगीत मुद्रित झाले तेव्हा पियानोवर बसलेला हा मुलगा सोळा वर्षांचा होता. तिथे तो काय शिकला असेल ते सांगायला चरित्रकार नको: लोक नाचायला आलेले आहेत, त्यांची पावले चुकता कामा नयेत. एकोणिसाव्या वर्षी ‘ब्लू नोट’ कंपनीसाठी स्वतःच्या नावावर त्रिकुटाचे मुद्रण, मग सैन्यातली दोन वर्षे, डिझी गिलेस्पीचा बँड; आणि या सगळ्याच्या अधूनमधून, वर्षानुवर्षे, गायिका डायना वॉशिंग्टनची साथ. बिली हॉलिडेच्या १९५६च्या ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ या ध्वनिमुद्रिकेतही पियानोवर तो आहे. संवादिनीची साथ ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना या शिक्षणाचे मोल वेगळे सांगायला नको. गायिका श्वास कुठे घेणार, कोणता शब्द ओढणार, कोणता गिळणार, हे तिच्या आधी क्षणभर ज्याला कळते तोच साथ करतो. बाकीचे मागे मागे चालतात.

जॅझच्या इतिहासात ‘काइंड ऑफ ब्लू’च्या शेजारी जे दुसरे नाव घेतले जाते ते कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’चे. कॉर्डच्या चक्रव्यूहातून भन्नाट वेगाने धावणारी ही ध्वनिमुद्रिका; तिच्यातल्या बहुतेक रचनांवर पियानो आहे टॉमी फ्लॅनगनचा. आणि इथेही, योगायोग पाहा, एका रचनेपुरता विंटन येऊन जातो. ती रचना ‘नाइमा’, कोल्ट्रेनने आपल्या पत्नीच्या नावाने केलेली. मुद्रण झाले २ डिसेंबर १९५९ रोजी, म्हणजे विंटनच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी. जॅझच्या दोन सर्वांत प्रसिद्ध घरांत हा एकेका गाण्यापुरता पाहुणा आहे, आणि दोन्ही घरांतली ती एकेक खोली जरा निराळी आहे: पहिल्या, काहीशा अंतर्मुख घरातली सर्वांत हसरी, दुसऱ्या, धावपळीच्या घरातली सर्वांत निवांत.

‘नाइमा’त चेंबर्सचा बास जागचा हलत नाही. एकच सूर धरून राहतो, आपल्या तानपुऱ्यासारखा. फक्त तो सूर षड्ज नाही, पंचम आहे. मधल्या भागात हा आधार दुसऱ्या एका सुरावर सरकतो आणि पुन्हा पहिल्यावर परत येतो, बस्स. वर कॉर्डचे रंग संथपणे बदलत जातात आणि त्यांवरून कोल्ट्रेन आपली धून गातो, हो, गातोच म्हणावे लागेल. एरवी एका श्वासात शेकडो सूर ओतणारा हा कलावंत इथे धूनच तेवढी वाजवतो, सोलो घेत नाही. या रचनेतला एकमेव सोलो विंटनचा आहे. क्षणभर या विश्वासाचा विचार करू. पत्नीच्या नावाची रचना, आपल्या नावाची ध्वनिमुद्रिका, आणि तिच्या गाभ्यातले बोलणे कोल्ट्रेनने सोपवले ते जेमतेम पाहुण्या आलेल्या साथीदारावर.

विंटन काय करतो? जवळजवळ काहीच नाही, आणि ते इतक्या काळजीने, की दुसऱ्यांदा ऐकताना आपण थक्क होतो. ‘फ्रेडी’मधली उसळी इथे ओसरलेली आहे, पण पुसलेली नाही, सुरांच्या चालीत अगदी तळाशी ती जाणवत राहते, झोपलेल्या माणसाच्या श्वासाची लय जाणवावी तशी. वाक्ये आखूड आहेत. कॉर्डचे गुंतागुंतीचे रंग तो उलगडून दाखवत बसत नाही. त्यांतला एकेक हळवा सूर निवडतो, त्यावर थोडा थांबतो आणि पुढे जातो. कण आहेत, पण ते आता ब्लूजचे राहिलेले नाहीत, लाघवाचे झाले आहेत. कोल्ट्रेन परत येऊन धून उचलतो तेव्हा त्याच धुनेत आपल्याला आधी न जाणवलेली ऊब जाणवू लागते. इतिहासकार या ध्वनिमुद्रिकेतल्या कॉर्डच्या गणिताची चर्चा करतात आणि ती योग्यही आहे. ‘नाइमा’वर येऊन मात्र गणित थांबते, आणि थांबल्यावर जे ऐकू येते त्याचा बराचसा भाग विंटनच्या हातचा आहे.

मग हा माणूस मागे का राहिला? माझ्या मते उत्तर फार गूढ नाही. कलेचे इतिहास वळणांचे असतात. ज्याने वळण घेतले त्याला प्रकरण मिळते, आणि ज्याच्यामुळे रस्ता चालण्याजोगा राहिला त्याला तळटीप. इव्हान्सने पियानोवरच्या स्वरमेळांची भाषा बदलली, म्हणून तो अभ्यासला जातो, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असू नये. विंटनने कोणताही सिद्धान्त मांडला नाही. त्याची स्वतःच्या नावाची ध्वनिमुद्रणे आहेत, चांगली आहेत. ‘केली ब्लू’चे मुद्रण तर १९५९च्या १९ फेब्रुवारीला आणि १० मार्चला झाले, म्हणजे ‘फ्रेडी’चा तो दिवस त्या दोन तारखांच्या मध्ये पडतो. ती ऐकावीतच. तरीही खरे सांगायचे तर मला विंटन दुसऱ्याच्या नावाखालीच अधिक विंटन वाटतो. समोर कोणी बोलणारा असला की त्याचे बोलणे खुलते.

याचा सज्जड पुरावा म्हणजे वेस माँटगोमेरीबरोबरची १९६५ची ध्वनिमुद्रिका, ‘स्मोकिन अ‍ॅट द हाफ नोट’. माइल्सला सोडून विंटन, चेंबर्स आणि कॉब तोवर त्रिकूट म्हणून स्वतंत्र हिंडू लागले होते, आणि न्यूयॉर्कच्या ‘हाफ नोट’ क्लबमध्ये त्यांच्याबरोबर वेसची गिटार होती. ज्यांना साथीची कला ऐकायची आहे त्यांनी यातली ‘नो ब्लूज’ ही लांबलचक रचना घ्यावी. गिटार आणि पियानो ही तशी एकाच जागेसाठी भांडणारी भावकी. दोघांनाही कॉर्ड वाजवता येतात, दोघांचा प्रदेश एकच. त्यात वेसची रीत अशी, की सुरुवात एकेरी सुरांनी करायची, मग तोच सूर दोन सप्तकांत एकदम वाजवत जायचे, आणि शेवटी भरगच्च कॉर्डवर यायचे. म्हणजे वेळ जाईल तशी गिटार फुगत जाणार आणि पियानोची जागा आक्रसणार. आपण फक्त विंटनकडे लक्ष ठेवून हे सगळे ऐकू. गिटार एकेरी असते तेव्हा तो तिला खाली गालिचा अंथरतो. ती दुणावते तेव्हा गालिचा गुंडाळून नुसत्या टोचण्या देत राहतो, ठोक्यांच्या मधल्या अनपेक्षित जागी. खाली चेंबर्स आणि कॉब तापत चाललेले असतात, आणि त्या तापत्या भट्टीत विंटनच्या टोचण्या ठिणग्यांसारख्या उडतात. आणि मग त्याची स्वतःची पाळी येते, आणि आतापर्यंत आवरून धरलेली सगळी बडबड एकदाची मोकळी सुटते. ब्लूजच, पण सणासुदीचा.

हा सण फार टिकला नाही. १९६८च्या जूनमध्ये वेस गेला, १९६९च्या जानेवारीत चेंबर्स क्षयाने गेला, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. विंटनला अपस्माराचे दुखणे होते. कार्यक्रमासाठी तो टोरंटोला गेला असताना १२ एप्रिल १९७१ रोजी तिथल्या हॉटेलात झटका येऊन त्याचा अंत झाला. वय ३९. त्या चौघांपैकी उरला तो कॉब, आणि तो पुढे जवळपास अर्धे शतक, २०२०पर्यंत, जगला आणि टॅक्सीची ती गोष्ट सांगत राहिला.

१९९०मध्ये जॉन हेंड्रिक्सने एक अफाट उद्योग केला. ‘फ्रेडी फ्रीलोडर’मधल्या सगळ्या सोलोंना, सुरागणिक, त्याने शब्द लिहिले आणि ते गायकांकडून गाऊन घेतले. माइल्सचे सूर अल जॅरोने गायले, कॅननबॉलचे जॉर्ज बेन्सनने, कोल्ट्रेनची जबाबदारी हेंड्रिक्सने स्वतः उचलली, आणि विंटनची चार आवर्तने आली बॉबी मॅकफेरिनच्या वाट्याला. ही ध्वनिमुद्रिका गंमत म्हणून ऐकायला बसावे आणि भलताच शोध लागावा, असे होते. कोल्ट्रेनचा लोंढा गाताना हेंड्रिक्ससारख्या कसलेल्या माणसाचीही दमछाक होते. ते सूर सॅक्सोफोनसाठी जन्मलेले, गळ्याने ते पेलणे ही कसरतच. मॅकफेरिनला मात्र कुठे ओढाताण करावी लागत नाही. विंटनची वाक्ये त्याच्या गळ्यात घडी न मोडता बसतात, स्वल्पविराम नेमके तिथेच येतात जिथे माणसाला श्वास हवा असतो. डायना वॉशिंग्टनच्या पाठीशी बसून काढलेली ती वर्षे बोटांत उतरली होती, एवढाच त्याचा अर्थ. या आवृत्तीनंतर मूळ मुद्रण पुन्हा लावले की आणखी एक चैन करता येते: सोलो चालू असताना आपणही हलकेच गुणगुणू लागायचे. आवाज बेताचा असला तरी चालते. दुसऱ्या आवर्तनापर्यंत आपण लयीत आलेलो असतो.